नऊ ते सहा ऑफिस, आठनंतर कॉन्सर्ट

नोकरी सांभाळून लाइव्ह संगीताची फोटोग्राफी करू पाहणाऱ्यांची पत्रे या अंकात घेतली आहेत. एकाच अडचणीची तीन-चार पत्रे असतील तिथे सगळ्यांत नेमके लिहिलेले निवडले. ‘कोणता कॅमेरा घेऊ’ एवढ्या एका ओळीच्या पत्रांना वेगळे उत्तर दिलेले नाही. लेन्सच्या प्रश्नात ते आपोआप येते.

प्रश्न : शनिवारी रात्री एका छोट्या क्लबमध्ये बँडचे फोटो काढते. कॅमेरा मिररलेस आहे. घरी येऊन पाहिलं तर निम्म्या फोटोंवर आडवे पट्टे, काही काळपट, काही गुलाबी-हिरवे. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठणठणीत आहे. तुम्ही सायलेंट मोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, चालू ठेवलं असणार. आणि स्टेजवरचे दिवे एलईडी आहेत.

एलईडीचा उजेड कमी करायचा तर बहुतेक दिव्यांत तो झपाझप चालू-बंद केला जातो, सेकंदाला काहीशे ते काही हजार वेळा. आपल्याला तो नुसता मंद वाटतो. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सरच्या ओळी वरून खाली एकेक करून वाचत जातं आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत हे वाचन पुरं व्हायला १/२० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. समजा दिवा सेकंदाला १००० वेळा लुकलुकतोय. तर तेवढ्या वेळात तो ५० वेळा चालू-बंद झाला. फोटोवर ५० पट्टे. मेकॅनिकल शटरचा पडदा तेच अंतर साधारण १/२५० सेकंदात कापतो, म्हणजे पट्टे फार तर चार. लाल, हिरवा आणि निळा एलईडी वेगवेगळ्या प्रमाणात मंद केलेले असतात, म्हणून पट्ट्यांना रंग येतो.

उपाय दोन आणि दोन्ही एकदम करायचे. मेकॅनिकल शटर लावा, आणि शटर स्पीड १/२५० च्या वर, म्हणजे त्याहून वेगवान, नेऊ नका. १/२५० सेकंदात प्रत्येक ओळीला त्या दिव्याच्या चार पूर्ण लुकलुकी मिळतात. कमी लुकलुकणाऱ्या दिव्यात चाराच्या जागी साडेतीन मिळाल्या तरी फारसा फरक दिसत नाही. १/२००० वर मात्र एखाद्या ओळीला अर्धी लुकलूक मिळते आणि शेजारच्या ओळीला काहीच नाही. तिथे पट्टा हमखास.

कॅमेऱ्यातल्या ‘अँटी-फ्लिकर’ सोयीवर भिस्त ठेवू नका. साधी अँटी-फ्लिकर विजेच्या पुरवठ्यामुळे होणारी लुकलूक ओळखते, सेकंदाला १०० किंवा १२० वेळांची. स्टेजच्या एलईडीचा वेग तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. काही नव्या कॅमेऱ्यांत ‘हाय फ्रिक्वेन्सी’ नावाची वेगळी सोय असते. तिच्यात शटर स्पीड १/२५०.६ असा बारीक सरकवून दिव्याशी जुळवता येतो. ती असेल तर शिकून घ्या.

पहिल्या गाण्यातच तीन फोटो काढा : १/२५०, १/२००, १/१२५. मग पूर्ण मोठे करून मागचा पडदा किंवा गायकाचा फिका शर्ट पाहा. पट्टे सपाट, एकरंगी जागेवर आधी दिसतात. चेहऱ्यावर आणि केसांत ते लपतात, म्हणूनच छोट्या स्क्रीनवर तुमच्या लक्षात आले नाहीत. एकदा पडलेला पट्टा नंतर काढणं हे रात्रभराचं काम आहे आणि तरी तो पुरता जात नाही.

प्रश्न : कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आहे, एपीएस-सी (छोट्या सेन्सरची) बॉडी आहे. पगारातून वर्षाला एकच मोठी खरेदी जमते. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी घेऊ की लेन्स?

लेन्स. हिशेब मांडूनच पाहू. तुमची लेन्स ५५ मिलिमीटरला एफ/५.६ वर येते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). ५० मिलिमीटर एफ/१.८ ही बहुतेक कंपन्यांची सगळ्यांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते आणि ती जवळजवळ दसपट उजेड आत घेते. जिथे एफ/१.८ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटो खरखरीत होतो) ३२०० पुरतो तिथे तुमच्या सध्याच्या लेन्सला ३२,००० च्या आसपास जावं लागतं. फुल-फ्रेम बॉडीने होणारा फायदा जेमतेम सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). या लेन्सने होणारा सव्वातीन स्टॉपचा.

आता ५० की ३५? स्टेजपासून तीन मीटरवर उभे राहून कॅमेरा उभा धरला तर एपीएस-सीवर ५० मिलिमीटरमध्ये साधारण १.४ मीटर उंची मावते, म्हणजे डोक्यापासून मांडीपर्यंत माणूस. ३५ मध्ये दोन मीटर, म्हणजे अख्खा माणूस. छोट्या जागी, जिथे स्टेज आणि पहिली रांग जवळपास चिकटलेली असते, तिथे ३५ जास्त कामाची. थोडं लांब उभं राहावं लागत असेल तर ५०. ८५ नंतर कधीतरी. २४-७० आणि ७०-२०० या एफ/२.८ झूम मोठ्या स्टेजसाठी लागतात; तशी कामं येईपर्यंत त्या भाड्याने आणलेल्या बऱ्या.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ५० मिलिमीटर, एफ/१.८, तीन मीटर : यात फोकसमध्ये राहणारा पट्टा एकूण २५ सेंटीमीटरच्या आसपास असतो. डोळे नीट आले तर पुढे रोखलेली गिटारची मान धूसर होणार. फोकस माइकवर बसला आणि गायक जरा मागे झुकला की चेहरा गेलाच. म्हणून ऑटो एरिया बंद ठेवून एकच बिंदू किंवा छोटा गट निवडा, फोकस सतत चालू राहील असा मोड लावा, बिंदू डोळ्यावर ठेवा. डोळे ओळखणारा फोकस असेल तर वापरा. पण तोंडापुढे माइक आला किंवा धूर दाट झाला की तो भरकटतो. तेव्हा एका बटणाने तो बंद करता येईल अशी सोय करून ठेवा.

लेन्स जुनी घेत असाल तर टॉर्च मारून आत बुरशीचे धागे पाहा. अ‍ॅपर्चरच्या (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर तेल नाही ना हे तपासा, आणि एफ/१.८ वरच फोटो काढून पाहा. एफ/८ वर कुठलीही लेन्स चांगलीच दिसते.

प्रश्न : लाल उजेडात गायिकेचा चेहरा म्हणजे नुसता लाल गोळा होतो, नाक-डोळे सगळं वितळलेलं. हिस्टोग्राम तर मधोमध दाखवत होता.

तुम्ही पाहिलात तो एकत्र हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती हे दाखवणारा आलेख. तो तिन्ही रंगांची सरासरी सांगतो. लाल रंगाचा चॅनेल भरून वाहत असला आणि हिरवा-निळा रिकामे असले तरी सरासरी छान मध्येच येते. मेनूत शोधून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा. लाल किंवा निळ्या उजेडात एक स्टॉप कमी एक्स्पोझ करा, लाल फारच भडक असेल तर दीड.

तरीही लाल-निळ्यातले फोटो जरा भुसभुशीत आणि जास्त खरखरीत येतात. त्याचं कारण सेन्सरच्या रचनेत आहे. नेहमीच्या सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी, पाव लाल, पाव निळ्यासाठी असतात. शुद्ध निळा उजेड पडला की काम करणारा सेन्सर पावच उरतो.

फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलमध्येच, काढा. जेपेगमध्ये जळलेला लाल परत येत नाही. घरी आल्यावर आधी कलर प्रोफाइल ‘न्यूट्रल’ करा, मग लाल रंगाची फक्त सॅच्युरेशन २०-३० ने उतरवा. बहुतेक वेळा नाकाची कड आणि पापण्या परत दिसू लागतात. नाहीच जमलं तर कृष्णधवल, पण नुसतं बटण दाबून नको. चॅनेल मिक्सरमध्ये लाल जवळजवळ शून्यावर आणून हिरव्यातून चेहरा काढा. थोडा खरखरीत येईल, पण चेहरा येईल. कृष्णधवल हा लाल उजेडावरचा जुना उतारा आहे. सगळाच सेट त्यात बदलून ‘शैली’ म्हणू नये, एवढंच.

व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा यासाठीची रंगांची जुळवणी) ऑटोवर सोडू नका. दर फोटोला तो वेगळं काहीतरी ठरवतो आणि घरी ३०० फोटो ३०० रंगांचे निघतात. ४००० केल्विनला बांधून टाका, मग सगळे एकदम सरकवता येतात.

आणि थांबा. लाइटिंगवाल्याचा एक क्रम असतो : धृपदाला काय, अंतऱ्याला काय, एकल वादनाला काय. एक गाणं नुसतं पाहिलं तर पांढरा किंवा पिवळसर उजेड समोरून कधी येतो ते कळतं. दोन गाण्यांच्या मध्ये गायिका प्रेक्षकांशी बोलते तेव्हा तो बहुधा येतोच.

प्रश्न : फ्लॅश मारला तर चालेल का?

नाही. कलाकाराच्या डोळ्यांवर जातो, प्रेक्षकांचा रसभंग होतो, आणि तुमच्याच फोटोतला स्टेजचा उजेड मरतो. फोकससाठी कॅमेऱ्यातून निघणारा छोटा दिवाही आठवणीने बंद करा.

प्रश्न : मोठ्या कार्यक्रमांना फोटो पास कसा मिळतो? मी कुठल्याही मासिकाशी जोडलेला नाही. आणि ‘पहिली तीन गाणी’ म्हणजे नक्की काय?

मोठ्या कार्यक्रमात पास देणारा माणूस म्हणजे कलाकाराचा प्रसिद्धी-व्यवस्थापक किंवा कार्यक्रमाचा आयोजक. त्याला तुमच्या हौसेशी घेणं नसतं. फोटो कुठे छापून येणार हे त्याला हवं असतं. म्हणून कुठलंही प्रकाशन पाठीशी नसताना मोठ्या नावांच्या मागे लागणं हा वेळेचा अपव्यय आहे, आणि नोकरदाराकडे वाया घालवायला वेळच नसतो.

सुरुवात खालून करा. मुख्य कलाकाराच्या आधी जो बँड वाजवतो त्याच्याकडे बहुधा स्वतःचा फोटोग्राफर नसतो. त्या बँडला थेट लिहा. उत्तर बहुधा येतं, आणि पाहुण्यांच्या यादीत तुमचं नाव घालणं त्यांच्या हातात असतं. कॅमेरा आत नेता येईल ना, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. नुसतं यादीतलं नाव दारावर कॅमेऱ्यासाठी पुरत नाही. अशी आठ-दहा कामं झाली की त्यातले १२ फोटो निवडा, शक्यतो आठ वेगळ्या कलाकारांचे. मग एखाद्या छोट्या संगीत-प्रकाशनाला विचारा.

पासची विनंती कार्यक्रमाच्या दोन-तीन आठवडे आधी करा. पत्र पाच ओळींचं : कोणता कार्यक्रम, कोणती तारीख, कोणासाठी, फोटो कधी प्रसिद्ध होतील, आणि १२ फोटोंची एक लिंक. जोडपत्रं नकोत. होकाराचं पत्र फोनमध्ये उघडून ठेवा. दारावरच्या माणसाला तुमचं नाव यादीत सापडत नाही हे नेहमीचंच आहे.

पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही : ही मोठ्या कार्यक्रमांतली रूढ अट आहे. स्टेज आणि कठडा यांमधल्या अरुंद पट्टीत, म्हणजे पिटमध्ये, तीन गाणी होईपर्यंत थांबता येतं. गाणं चार मिनिटांचं धरलं तर हाती १२ मिनिटं. पहिल्या गाण्यात मुख्य गायकाचे दोन-तीन फोटो पक्के करा. तेवढ्यात एक्स्पोझरही बसतो. दुसऱ्यात बाकीचे वादक. तिसऱ्यात मागे सरकून अख्खं स्टेज, कारण उजेड आणि धूर तोवर रंगात आलेले असतात. लेन्स बदलायची असेल तर दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत. पाठीवरची सॅक पिटच्या बाहेर ठेवा. कॅमेरा डोक्यावर उंच धरू नका, मागच्याची फ्रेम जाते. कोणासमोरून जायचं तर वाकून. सुरक्षारक्षक ‘बाजूला व्हा’ म्हणाला की फोटो अर्धवट सोडून व्हा, कारण बहुतेक वेळा कोणीतरी गर्दीच्या डोक्यांवरून तुमच्याच दिशेने येत असतं.

नोकरदारांना ही अट पथ्यावर पडते, हे कोणी सांगत नाही. साडेआठला सुरू झालेल्या कार्यक्रमातून तुम्ही नऊच्या आत मोकळे.

प्रश्न : प्रत्येक फोटोत माइक तोंडावर येतो. काय चुकतंय?

उभं राहण्याची जागा. समोरून सरकून ३० ते ४५ अंश बाजूला या. माइक हातात असेल तर ज्या हातात तो आहे त्याच्या विरुद्ध बाजूला. म्हणजे मनगट आणि कोपर चेहऱ्याआड येत नाहीत. ओठ माइकला टेकलेले असताना फोटो न काढता ओळ संपल्यावर गायक मागे सरतो तो अर्धा सेकंद पकडा. भावही त्याच क्षणी चेहऱ्यावर असतो.

जाता जाता गिटारिस्टबद्दल : उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या गिटारची मान प्रेक्षकांच्या उजव्या अंगाला येते. त्या बाजूला उभे राहिलात तर मान तुमच्यावर रोखलेली दिसते, जोरकस दिसते. दुसऱ्या बाजूने तारा छेडणारा हात चांगला मिळतो. काहीही करा, गिटारचं टोक फ्रेमबाहेर कापू नका. वादक आपला चेहरा पाहायच्या आधी ते पाहतात.

प्रश्न : कंपनीत पूर्णवेळ नोकरी आहे. आता एक-दोन ठिकाणी पैसे मिळू लागलेत. ऑफिसला सांगावं का? आणि झोपेचं काय करायचं, दर गुरुवारी कार्यक्रम आणि शुक्रवारी सकाळी मीटिंग?

आधी नियुक्तिपत्र काढून वाचा. ‘बाहेरील काम’, ‘हितसंबंधांचा संघर्ष’, ‘पूर्वपरवानगी’ अशा मथळ्यांखाली दोन-तीन ओळी असतात. त्यातच उत्तर आहे. परवानगी लागत असेल तर लेखी मागा, आणि मागताना तीन गोष्टी स्पष्ट लिहा : काम ऑफिसच्या वेळेबाहेर होईल, कंपनीचं कुठलंही साधन वापरलं जाणार नाही, कंपनीच्या ग्राहकांशी किंवा व्यवसायाशी त्याचा संबंध नाही. सरकारी नोकरीत नियम सहसा जास्त कडक असतात. तिथे तोंडी होकारावर विसंबू नका. ऑफिसच्या लॅपटॉपवर फोटो एडिट करू नका, ऑफिसच्या ईमेलवरून पास मागू नका. काही करारांत कंपनीच्या साधनांवर तयार झालेल्या कामावर कंपनी हक्क सांगते, आणि लॅपटॉप परत करताना तुमचे रॉ फोटो आतच राहतात ते वेगळंच. मिळालेले पैसे वेगळ्या खात्यात, खर्चाच्या पावत्या वेगळ्या फाइलमध्ये, पहिल्या दिवसापासून. आजारपणाची रजा टाकून कार्यक्रमाला जाऊ नका. फोटोखाली तुमचं नाव असतं आणि त्यावर तारीख असते.

झोपेचा प्रश्न खरं तर कबूल केलेल्या वेळेचा आहे. रात्र जागवतो तो रात्रीचा एडिट, कार्यक्रम नव्हे. त्यामुळे होकार देतानाच लिहा : ‘त्याच रात्री ५ फोटो, बाकीचे ४८ तासांत.’ बँडला त्या रात्री सोशल मीडियावर टाकायला पाचच लागतात. हे पाच फोटो परतीच्या वाटेवर गाडीत बसून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच निवडून त्यांवर खूण करा (गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर), म्हणजे घरी अर्ध्या तासात काम संपतं.

आठवड्याच्या मधल्या रात्री मुख्य बँडपेक्षा आधीचा बँड घ्या, तो लवकर आटोपतो. महिन्याला दोन मधल्या रात्री आणि दोन शनिवार, याहून जास्त घेणाऱ्यांचं आधी ऑफिसचं काम बिघडतं आणि मग फोटोही. दोन-तीन दिवसांच्या महोत्सवाला जाणार असाल तर रजा नंतरच्या दिवसाची टाका. दोन बॉड्या आणि दोन एफ/२.८ झूम मिळून साडेतीन-चार किलो गळ्यात वागवल्यावर दुसऱ्या दिवशी खांदा वर जात नाही.

नोकरीला अडसर समजू नका, असंही सुचवावंसं वाटतं. पगार येत असल्यामुळेच भिकार अटींना नाही म्हणता येतं. पूर्णवेळ फोटोग्राफरला ते कित्येकदा परवडत नाही.

प्रश्न : एका रात्रीत ११०० फोटो निघतात. निवडता निवडता पुढचा शनिवार येतो.

एवढे निघतात कारण बोट शटरवर दाबून धरलं जातं. सेकंदाला १० फोटोंच्या वेगाने तीन सेकंद, की तीस जवळपास सारखे फोटो. दोन-तीन फोटोंचे छोटे झटके मारा. उडी किंवा ड्रमवरचा जोराचा ठोका सोडला तर याहून जास्त लागत नाहीत. एक अख्खा सेट ३०० ते ४०० मध्ये बसतो.

घरी आल्यावर कार्ड डिस्कवर कॉपी करा, मग दुसऱ्या डिस्कवर. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही झोप आली तरी. निवड करताना वाईट फोटो शोधून काढू नका. चांगल्यांवर खूण करत पुढे जा. एका फोटोला एक सेकंद. ११०० फोटो म्हणजे वीस मिनिटं. रॉ फाइल उघडायला वेळ घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे जमत नाही. रॉच्या पोटातला तयार जेपेग दाखवणारं सॉफ्टवेअर वापरा, ‘फोटो मेकॅनिक’ त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पहिल्या फेरीत ६० उरले पाहिजेत. दुसऱ्या फेरीत पूर्ण मोठं करून फक्त डोळे तपासा, २० उरतील. खरखर काढणारं एआय डीनॉइझ याच वीसांवर चालवा. सगळ्यांवर लावलंत तर साधा संगणक पहाटेपर्यंत घुरघुरत बसेल.

एकाच कलाकाराचे १५-२० च्या वर देऊ नका. ४० दिले की बँड त्यातला सगळ्यांत वाईट निवडून पोस्टरवर लावतो.

फाइलमध्येच नाव, तारीख, वादकाचं नाव आणि वाद्य लिहून ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तर कोणत्या गाण्यातला फोटो तेही नंतर सांगता येतं.

प्रश्न : ड्रमरचे हात नेहमी धूसर येतात. किती स्पीड ठेवू?

हात थिजवायचे तर १/५०० तरी हवा, काठीचं टोक त्यालाही पुरून उरतं. माइकसमोर उभ्या गायकाला १/२०० पुरतो. पण १/५०० ला पट्ट्यांचा धोका आलाच. वर पहिलं उत्तर पाहा. उलटा मार्ग बरा : १/६० वर चेहरा स्थिर असेल तो क्षण धरून हातांना धूसर होऊ द्या. दहा काढले तर एक येतो, आणि तो थिजवलेल्यापेक्षा जास्त वाजतो. जागा झांजांच्या मधल्या फटीतून, स्टेजच्या कडेने.

धूसरपणाला इतकं भ्यायचं कारण नाही. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये ‘द क्लॅश’ या ब्रिटिश पंक बँडचा पॉल सायमनन बास गिटार जमिनीवर आपटत असताना छायाचित्रकार पेनी स्मिथ यांनी फोटो घेतला. तो नीट फोकसमध्ये नाही म्हणून ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर वापरायला खुद्द स्मिथ यांचाच विरोध होता. बँडने ऐकलं नाही, आणि रॉक संगीतातला तो सगळ्यांत ओळखीच्या फोटोंपैकी एक झाला.

प्रश्न : बँड म्हणतो, ‘फोटो द्या, नाव टाकू’. देऊ का? एका मोठ्या कार्यक्रमात तर दारातच कागदावर सही मागितली.

सोशल मीडियासाठी नाव टाकून द्यायला हरकत नाही, सुरुवातीला तर नाहीच. फक्त शब्दांत बांधून द्या. फोटोंबरोबर ईमेलमध्ये एवढंच लिहा : ‘या ८ फोटोंचा वापर बँडच्या सोशल मीडिया खात्यांवर, छायाचित्रकाराचं नाव देऊन, एक वर्षासाठी. फोटोवर फिल्टर लावू नये. पोस्टर, अल्बम, कपडे, जाहिरात यांसाठी आधी विचारावं. त्याचं मानधन वेगळं.’ हे लिहिलेलं नसेल तर वर्षभराने तुमचा फोटो टी-शर्टवर दिसतो आणि बँड निरागसपणे म्हणतो, तुम्हीच तर दिला होता.

दारातल्या कागदात तीन गोष्टी शोधा. फोटो एकाच प्रकाशनात एकदाच वापरता येतील असं आहे का? प्रसिद्ध करण्याआधी त्यांची मंजुरी लागेल का? आणि फोटोंचे सर्व हक्क त्यांच्याकडे जातील असं आहे का? पहिली अट सोसता येते, दुसरी त्रासाची, तिसरीवर पैसे न घेता सही करू नका. ते कलम खोडून सही केली तर चालेल का, असं विचारा; कधीकधी चालतं. चालत नसेल तर परत फिरा. कागद आधीच ईमेलने मागवला तर हा निर्णय दारात, मागे रांग उभी असताना घ्यावा लागत नाही. कामावर नेमून काढलेल्या फोटोंचे हक्क कोणाचे, याचे नियम देशागणिक बदलतात. पैसे घेऊन काम करण्याआधी आपल्याकडचे तपासून घ्या.

प्रश्न : दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. कापूस घालून चालेल?

कापसाने काही होत नाही. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्था ‘नायॉश’चा निकष असा : ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटं. पिटमध्ये तुम्ही स्पीकरच्या तोंडाशी उभे असता; तिथे १०० सहज होतात.

फोमचे बोळे स्वस्त आणि परिणामकारक असतात, पण ते नीट घातले तरच. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद धरून ठेवा. बाहेर लोंबत असतील तर उपयोग नाही. फोममुळे वरचे सूर जास्त कापले जातात. संगीतकारांसाठीचे खास प्लग सगळे सूर सारखे उतरवतात, त्यामुळे गाणंही कळतं. एक जोडी कॅमेऱ्याच्या बॅगेत कायमची ठेवा. शिट्टी दोन दिवस टिकली हा कानाने दिलेला इशारा होता. पुन्हा झाली आणि थांबेना, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी.

प्रश्न : विनामाइकच्या शांत मैफलीत माझ्या शटरचा आवाज झाला आणि पुढच्या रांगेने वळून पाहिलं. पण सायलेंट शटरला पट्टे येतात म्हणता.

इथे सायलेंटच लावायचं. अशा मैफलीचा उजेड सहसा स्थिर असतो आणि पूर्ण उजेडावर ठेवलेल्या किंवा साध्या पिवळ्या दिव्यांत पट्टे कमी येतात. श्रोते येण्याआधी, साउंडचेकच्या वेळी जाऊन त्याच दिव्यांत १/१२५ आणि १/१०० वर फोटो काढून पाहा. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे १/१०० आणि १/५० हे हमखास साफ येतात, ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/१२० च्या जवळचा १/१२५ आणि १/६०. बसून वाजवणारा कलाकार एवढ्या मंद स्पीडला चालतो, फक्त कोपर गुडघ्यावर टेकवून कॅमेरा धरा. बीप बंद, मागची स्क्रीन बंद, व्ह्यूफाइंडरमधूनच पाहा. जागा एकच, बसकी, कलाकाराच्या नजरेच्या उंचीला. पट्टे जाता जात नसतील तर मेकॅनिकल शटर ठेवा आणि फक्त टाळ्यांत व द्रुत लयीच्या भरात दाबा. आलाप चालू असताना हात मांडीवर.